अठरावर आण

बंधाऱ्यावरचा रस्ता खचलेला,
म्हणून रात्री अकराला आम्ही घोडच्या कोरड्या पात्रात उतरलो.
मी, गेनूमामा, जुनी बोलेरो
आणि मागे ट्रेलरवर मधमाश्यांच्या चोवीस पेट्या.
दारांना जाळ्या ठोकलेल्या. आत एकच घरघर,
लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी.

पलीकडे इनामगावात कांद्याचे डेंगळे फुललेत.
मचाले फोनवर म्हणाला होता,
उद्या उजाडायच्या आत आलीस तर ये,
परवा आलीस तर चहा पिऊन जा फक्त.

वाळूच्या तोंडाशी मामा म्हणाला, थांब.
हवा काढ. अठरावर आण.
पुण्यात मी कायम बत्तीस भरते, पंपावरचा पोरगा विचारतही नाही.
काडीनं वॉल्व्ह दाबला.
टायर जेवलेल्या माणसासारखा
पोट सोडून हळूहळू बसला.
ट्रेलरचीही काढ, मामा म्हणाला,
ओढणाऱ्याकडे सगळेच बघतात.

मामाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
बावीस वर्षं लष्करात गाड्या चालवल्या,
त्यातली नऊ जैसलमेरच्या पुढे,
जिथं, तो म्हणतो, रस्ता रोज सकाळी नव्यानं विचारावा लागतो.
आता देहूरोडला खाटेवर बसून
आवाजावरून ट्रकचा गियर ओळखतो.

दुसऱ्यात टाक. ब्रेकला पाय लावू नकोस.
थांबायचंच असलं तर वाळू थांबवते.
गाडी होडीसारखी डुलत निघाली.
हेडलाइटमध्ये बाभळीचं एक खोड, एक फाटकी चप्पल,
वाळू उपसून गेलेल्यांचे खड्डे
आणि नदीचं म्हणावं असं काहीच नाही.

अर्ध्यात ट्रेलर बसला.
भोसरीच्या वेल्डरनं पत्रा वाचवायला
तो चार बोटं अरुंद केला होता.
त्याची चाकं आमच्या चाकोरीत बसेनात,
स्वतःच्या दोन वेगळ्या चरी कापत आली
आणि आसापर्यंत गेली.
मी पाय दाबला.
दाबला की खोल, आणखी दाबला की आणखी खोल.
गप, मामा म्हणाला. बंद कर.

इंजिन थांबल्यावर माश्या ऐकू आल्या.
घरघर चढली होती.
मामा बूट काढून उतरला,
अंधारात चाचपडला नाही, त्याला अंधार सवयीचा.
अंगठ्यानं वाळू उकरत, थांबत, पुढं पुढं गेला,
मग तिकडून हाक आली:
इथं ओल आहे. ओली वाळू धरते.
तिला सोड, एकटी ये.

पिन निघेना. हातोडीच्या तिसऱ्या घावाला निघाली.
सुटलेली बोलेरो अशी पळाली
की मला लाज वाटली.
मागे चोवीस पेट्या, काळोखात, पात्राच्या मधोमध.
मागं बघू नकोस, दोर बघ, मामा म्हणाला,
आणि त्याचा आवाज जरा फाटला.

साठ हात दोर. चाकांपुढं फावड्यानं उतार केला,
खाली गोणपाटं, माझी ओढणी, मामाचा कोट.
दोर ताणला, तडतडला,
आणि ट्रेलर झोपेतून उठवलेल्या म्हशीसारखा
नाइलाजानं आला.

साडेपाचला डेंगळ्यांच्या कडेला जाळ्या काढल्या.
पांढरे गोंडे अजून करडेच दिसत होते.
पहिली माशी फळीवर आली, पंख पुसत बसली,
मग दुसरी, मग भसकन.
किती आल्या? मामानं विचारलं.
मोजता येत नाहीत, मामा.

तो बांधावर बसून बोटांमधली वाळू काढत होता.
तिकडं पाण्याचा ट्रेलर असाच सोडला होता, म्हणाला.
सत्याऐंशी साली. दोर नव्हता.
सकाळी परत गेलो तर वाळूच होती सगळीकडं.
वाट बघणारे मोजता येत होते. चौदा होते.

मी पुढं विचारलं नाही.
मचाल्याची सून चहा घेऊन येत होती, लांबूनच थबकली,
माश्या चावतील का, असं हातानंच विचारत.

पंप दे इकडं, मामा म्हणाला.
बत्तीसपर्यंत मीच मारतो,
तू फक्त आकडा वाचत जा.